पाठीचं चामडं

पंचशील तायडेने शर्टाच्या खिशातून व्हर्नियर काढला तेव्हा जेलरोडच्या दुकानदाराच्या हातातला चहा हातातच राहिला. गिऱ्हाइकं घासाघीस करतात, खोटं बोलतात, घेतलेली वस्तू चार दिवसांनी परत आणतात, हे सगळं त्याने आजवर पचवलं होतं. पण कॅमेऱ्याचं कव्हर घ्यायला आलेला माणूस कारखान्यातलं मापाचं हत्यार काढून कव्हराची आतली रुंदी मोजतो, हे त्याला नवीन होतं.

"चार एमएम ढीला है, भिया," पंचशील म्हणाला. "अंदर नाचेगा."

त्याची मुलगी मानसी दोन पावलं मागे सरकून मोबाइलमध्ये डोकं घालून उभी राहिली. हे आपले वडील नव्हेत असं भासवायचा तिचा प्रयत्न होता, पण नाकापासून हनुवटीपर्यंत दोघांचा चेहरा एकच असल्याने तो काही साधत नव्हता.

पंचशीलला दोष देण्यात अर्थ नव्हता. पोलोग्राउंडच्या एका पंपाच्या कारखान्यात तो चौतीस वर्षं स्टोअरकीपर होता, आणि या महिनाअखेरीस निवृत्त होणार होता. बेअरिंग असो की वॉशर, पॅकिंगशिवाय वस्तू स्टोअरबाहेर सोडायची नाही, हा त्याचा नियम. मोडकातोडका माल आला की त्याचे फोटो काढून पाठवायचं कामही त्याच्याचकडे असे, आणि ते तो इतकं मन लावून करी की पंपातल्या फुटलेल्या इंपेलरचा फोटोही बघत राहावासा वाटे. हे मानसीने लहानपणापासून पाहिलं होतं. म्हणून नोकरीत बढती मिळाली तशी तिने वडिलांसाठी खिशात मावेल एवढा एक छोटा, पण चांगल्यातला कॅमेरा आणला. पुढच्या महिन्यात विहारातली मंडळी बोधगयेला निघणार होती, त्यात पंचशील आणि त्याची बायको मंजुळाही होते. तिथे पप्पांनी जन्मात एकदा तरी न फुटलेल्या वस्तूंचे फोटो काढावेत, असं तिचं म्हणणं होतं.

कॅमेरा येऊन आठ दिवस झाले तरी पंचशीलने तो बायकोच्या जुन्या रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला होता. कव्हर मिळेपर्यंत बाहेर काढायचा नाही. आज त्या कव्हरासाठी हे तिसरं दुकान होतं. कापडी पिशवी ढिली, रबरी पिशवी इतकी घट्ट की कॅमेरा आत घालताच आपोआप सुरू होई, आणि प्लास्टिकची डबी त्याला स्टोअरमधल्या टूलबॉक्ससारखी वाटली.

दुकानदाराने मग खालच्या कपाटातून एक खोका काढला. "अंकल, इस मॉडल का असली यही है. लेदर में."

तपकिरी, गुळगुळीत, पितळी बटणाचं कव्हर होतं. दुकानदाराने कॅमेरा आत सरकवला आणि तो खट्कन बसला. झाकण उघडलं की भिंग बाहेर यायला जागा, खाली स्क्रूची सोय, बाजूला पट्टा. व्हर्नियरलाही बोट दाखवायला जागा उरली नाही. मानसी पुढे आली, तिने हात फिरवून पाहिला आणि हेच घेऊ म्हणाली.

पंचशीलने कव्हराला हात लावला नव्हता. त्याने कॅमेरा दोन बोटांनी बाहेर ओढून घेतला आणि विचारलं, "रेक्झिन में नहीं है क्या?"

दुकानदार म्हणाला, नाही. मानसी म्हणाली, पप्पा, पण याला काय झालं? पंचशील म्हणाला, आजोबांना वास सहन होत नाही, तुला माहीत आहे. आणि तो पायऱ्या उतरून चालू लागला.

स्कूटरपाशी पोचल्यावर मानसीने हेल्मेट हातात घेतलं, पण डोक्यावर चढवलं नाही.

"पप्पा, एक गोष्ट सांगू? माझी लॅपटॉपची बॅग लेदरची आहे. तीन साल झाले. मी ती घरी आणतच नाही, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवते आणि येताना कापडी घेऊन येते. आजोबांना त्रास नको म्हणून. पण तुमचा चेहरा आत्ता वासाचा नव्हता."

पंचशीलने स्कूटरला किक मारली. मानसी मागे बसली आणि दोघं राऊला घरी आले.

तायड्यांच्या घरात चामडं येत नसे. पट्टे कापडी, चपला रबरी, पाकिटं रेक्झिनची. पंचशील सात वर्षांचा होता तेव्हा महूच्या क्वार्टरमध्ये त्याचे वडील नथूबाबा पलटणीतून येत, दाराबाहेर फळीवर बूट काढत, कंबरेचा पट्टाही तिथेच खिळ्याला अडकवत आणि मग आत येत. बूट आत का आणत नाही, असं त्याने एकदा विचारलं, तर नथूबाबा म्हणाले, ते सरकारचे आहेत, घराचे नाहीत. पुढे चौदाव्या वर्षी त्याने सगळं ऐकलं. मलकापूरकडचं गाव, गावातलं मेलेलं ढोर ओढून न्यायची सक्ती, कातडं सोलणं, त्याचा दिवसचे दिवस हाताला राहणारा वास, आणि छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर साऱ्या वस्तीने मिळून ते काम कायमचं टाकलं तो दिवस. त्यापायी गावाने वस्तीचं पाणी आणि मजुरी तोडली होती. नथूबाबा तेव्हा वीस वर्षांचे होते. दोन वर्षांनी ते फौजेत गेले आणि गावाकडे फिरकले नाहीत.

चौदा वर्षांच्या पोराच्या मनात ही गोष्ट जी रुतली ती रुतलीच. नथूबाबांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही, पण पंचशीलने नियम बापापेक्षा कडक केला. स्वतःच्या लग्नात सासऱ्यांनी हौसेने आणलेले कातडी बूट त्याने मांडवातच परत केले. बिचारे सासरे खोका मांडीवर घेऊन एसटीने बऱ्हाणपूरला परत गेले. मंजुळा हे वर्षातून एकदाच बोलून दाखवते, पण ज्या दिवशी बोलते त्या दिवशी जेवण अळणी होतं.

मानसी जन्मली तेव्हा मात्र त्याने ठरवलं, हिला यातलं काही सांगायचं नाही. तिने शाळेत जावं, हसावं, कुणी आडनाव विचारलं तर न अडखळता सांगावं. ती गोष्ट माझ्यापर्यंत आली तेवढी पुरे. म्हणून त्याने आजोबांच्या नाकाची कहाणी रचली, आणि सत्तावीस वर्षं ती बिनतक्रार चालली. आता एका कव्हरापायी पोरगी आजोबांना विचारायला जाणार, आणि म्हाताऱ्याच्या तोंडून काय काय निघेल, या धास्तीने त्याला त्या रात्री जेवण गेलं नाही.

धास्ती खरी ठरायला रविवार उजाडला. शनिवारी ऑफिसातून येताना मानसीने जेलरोडला जाऊन तेच कव्हर विकत घेतलं होतं. मुलगी कुणाची, हट्टाला कमी कशी असेल? रविवारी दुपारी पंचशील गॅलरीत कपडे वाळत घालत होता, तेवढ्यात त्याने पाहिलं की नथूबाबा पुढच्या ओट्यावर आपल्या खुर्चीत बसले आहेत आणि मानसी त्यांच्यासमोर वेताच्या मोड्यावर बसून पिशवीतून काहीतरी काढते आहे. तो हातातला टॉवेल तसाच घेऊन खाली धावला.

तोवर कव्हर नथूबाबांच्या हातात गेलेलं होतं.

अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या नथूबाबांना दिसत होतं जेमतेम आणि ऐकू त्याहून कमी येत होतं. त्यांनी कव्हर नाकाशी नेलं. पंचशील दारात थबकला. पण म्हाताऱ्याने ना तोंड वाकडं केलं ना कव्हर टाकलं. पितळी बटण, शिलाई यांच्याकडे त्यांनी लक्षच दिलं नाही. उजव्या हाताच्या अंगठ्याने त्यांनी झाकण एकदा मधोमध दाबलं, एकदा कडेला दाबलं, मग दोन बोटांत चिमटीत धरून दुमडलं आणि त्या दुमडीवरून नख फिरवलं.

"कोणी आणलं हे?"

"मी," मानसी कानाजवळ जाऊन म्हणाली. "पप्पांच्या कॅमेऱ्याला."

"परत दे. हे कुशीचं हाये. पोटाकडचं. पाहाय, दाबलं की ढिली सुरकुती पडते. आज घट्ट बसंल, चार-सहा महिन्यानं झोळी होईल त्याची. असं काही ठेवाले पाठीचं चामडं पाहिजे. कण्याच्या दोन्ही अंगाचं. ते ताणत नाही."

मानसी आ वासून बघत राहिली. व्हर्नियर घेऊन तीन दुकानं पालथी घातली, आणि चामड्याचा पारखी घरच्या ओट्यावर बसला होता. काखेत कळसा नि गावाला वळसा. "आजोबा, तुम्हाला हे कसं कळतं?" तिने विचारलं.

पंचशील घाईने पुढे झाला. "अगं, फौजेत होते ना. पट्टे, बूट, सगळं चामड्याचंच असतं तिथे."

एवढं मात्र नथूबाबांना नीट ऐकू आलं. त्यांनी मुलाकडे मान वळवली. रागावले नव्हते ते. पण हजेरीत कुणी दुसऱ्याच्या नावाला ओ दिली तर सुभेदार पाहील, तसं त्यांनी पाहिलं.

"फौजेत बूट चमकवाले शिकवतात. चामडं ओळखाले नाही." मग नातीकडे वळून ते म्हणाले, "माह्या बापानं शिकवलं मले. आम्ही ढोरं फाडत होतो, पोरी."

आणि त्यांनी सांगितलं. फार वेळ नाही सांगितलं, आवाजही चढवला नाही. अकराव्या वर्षी पहिल्यांदा बापाबरोबर गेलो, पाटलाची म्हैस होती, तीन दिवस ताप आला मला. बोलावणं आलं की जेवत्या ताटावरून उठायचं. नाही म्हटलं की मार. बाप मार खायचा आणि मग जायचा. हे सांगताना नथूबाबांचे हात कव्हरावरच होते. मानसी मोड्यावरून उतरून त्यांच्या पायाशी बसली होती. मंजुळा हात पुसत दारापर्यंत आली आणि तिथेच राहिली.

"सोडलं ते बरं केलं," नथूबाबा म्हणाले. "बाबासाहेबांनी सांगितलं, आम्ही सोडलं. पाणी तोडलं गावानं तरी सोडलं. त्याचं काही दुःख नाही. पण एक गोष्ट कोणी सांगत नाही. माहा बाप अडाणी नव्हता. त्याच्या हातानं एक कातडं कधी फाटलं नाही. मेलेल्या जनावराच्या सुद्धा कपाळाले तो आधी हात लावे. सुरी कुठं हलकी ठेवायची, कुठं दाबायची, आंधळा झाला असता तरी सांगितलं असतं त्यानं. काम टाकलं तेव्हा त्याचं हे पण आम्ही टाकून दिलं. घरात नावच काढलं नाही त्याचं. तो मेला तेव्हा मी काश्मिरात होतो."

समोरच्या प्लॉटवर बांधकामाचं मशीन घरघरत होतं. पंचशीलला वाटलं, आपण काहीतरी बोलायला हवं, पण त्याला स्वतःची लाज वाटत होती आणि ती का, हे नीट कळत नव्हतं. बापाची वेदना जपतो आहोत, असं त्याला चव्वेचाळीस वर्षं वाटत आलं होतं. त्या वेदनेच्या खाली बापाला आपल्या बापाची आठवण येत असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

संध्याकाळी मानसी त्याच्याकडे गच्चीवर आली. ती रडली होती हे दिसत होतं. मला का नाही सांगितलं, तिने विचारलं.

"तुझ्यापर्यंत येऊ नये म्हणून."

"आलं ना पप्पा, तरी. वेगळ्या रस्त्याने आलं. मी तीन वर्षं ती बॅग चोरीच्या मालासारखी लपवली. मला वाटायचं, आपल्या घरात काहीतरी गडबड आहे, जे मला विचारायचं नाहीये."

पंचशीलने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पुढच्या बुधवारी मानसीने सुट्टी घेतली. कुशीचं कव्हर तिने दुकानात परत केलं. चामड्याचे घोडे-हत्ती करणारा वासुदेव नावाचा एक कारागीर मालगंजच्या बाजूला राहतो, सांगितलं तर बॅगा, म्यानं, काय म्हणाल ते शिवून देतो, असं तिला ऑफिसात कळलं होतं. तिथे जायचं ठरलं तेव्हा नथूबाबा म्हणाले, मीही येतो. पंचशील म्हणाला, बाबा, तुम्ही कशाला, ऊन आहे, जिना आहे. पण नथूबाबांनी इस्त्रीचा शर्ट आधीच मागवला होता.

वासुदेवचं कामाचं ठिकाण म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक लांब खोली. एका भिंतीला बिनडोळ्यांचे घोडे ओळीने उभे होते, डोळे बसायचे बाकी होते. वासुदेव पन्नाशीचा, अर्ध्या बाह्यांचा बनियन, बोटांना काळा रंग. त्याने कॅमेरा पाहिला, माप घेतलं, आणि अपने यहाँ तो बस चमड़े का ही काम है भिया, रंग पसंत कर लो, असं म्हणून चार-पाच कातडी पाट्यावर उलगडली.

मानसीला लालसर रंगाचं आवडलं. पंचशीलला काळं बरं वाटलं, मळणार नाही म्हणून. नथूबाबांनी रंगाकडे पाहिलंच नाही. ते पाट्यापाशी गेले, काठी मानसीच्या हातात दिली आणि दोन्ही हात कातड्यांवर ठेवले. पहिलं बाजूला सारलं. दुसरं उचलून कानाजवळ नेऊन दुमडलं आणि ठेवून दिलं. तिसऱ्यावरून तळवा फिरवत गेले, एका जागी थांबले, परत आले, पुन्हा त्याच जागी थांबले. ते मानेपासून शेपटीकडे जात होते हे पंचशीलच्या लक्षात आलं. वासुदेवने हातातली आरी खाली ठेवली होती. आधी तो गंमत बघितल्यासारखा बघत होता. आता त्याच्या चेहऱ्यावर गंमत नव्हती.

"इसमें यहाँ एक दाग है," नथूबाबा म्हणाले. "काँटे का. पुराना."

वासुदेव वाकला. त्याला दिसेना. त्याने कातडं उजेडात नेऊन तिरपं धरलं, तेव्हा कुठे केसाएवढी एक रेघ दिसली.

त्याने नथूबाबांना विचारलं, "दादाजी, आपके उस्ताद कौन थे?" नथूबाबांना ऐकू गेलं नाही; खाली गल्लीत कुणीतरी पत्रा कापत होतं. वासुदेवने मग पंचशीलकडे पाहिलं आणि तोच प्रश्न त्याला केला.

मानसीही वडिलांकडे पाहत होती. पंचशीलच्या ओठांवर तयार उत्तर होतं, फौज में थे. चाळीस वर्षं घोटलेलं, कुणालाही पटणारं उत्तर होतं ते. त्याने बापाच्या हातांकडे पाहिलं. त्याच्या आजोबांना आख्ख्या गावात, लहान पोरंसुद्धा, पुंज्या म्हणत. नथूबाबांच्या सर्व्हिस बुकातही वडिलांचं नाव तेवढंच लागलं होतं, आणि शाळेच्या फॉर्मवर आजोबांचं नाव विचारलं की पंचशील ती ओळ कोरी ठेवत असे.

"इनके पिताजी," तो म्हणाला. मग त्याने पुन्हा, पत्र्याच्या आवाजावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं. "मेरे दादाजी. मलकापूर तरफ के थे. पुंजाजी तायडे नाम था उनका."

नथूबाबांची पाठ त्याच्याकडे होती. त्यांना ऐकू गेलं की नाही ते कळलं नाही, पण कातड्यावरून फिरणारे त्यांचे हात थांबले.

वासुदेवने मान हलवली. कोपऱ्यातलं आपलं बसायचं स्टूल त्याने फडक्याने पुसलं आणि नथूबाबांच्या मागे आणून ठेवलं. मग खडू घेतला, वाकून त्यांच्या कानाशी गेला आणि विचारलं, कुठून कापू.

नथूबाबांनी उजव्या हाताचा अंगठा कण्याच्या बाजूला टेकवला. "यहाँ से," ते म्हणाले, आणि वासुदेवची रेघ चारी बाजूंनी फिरून येईपर्यंत त्यांनी तो उचलला नाही.